बागभेटी आणि पाहुण्यांची व्याख्यानं: वर्षाची आखणी कशी करावी?

कुंडीतली_जास्वंद

नमस्कार मंडळी. आमच्या बागकाम गटात ४० जण आहेत. निम्मे कुंड्यांत लावणारे, निम्मे जमिनीत. एका महिन्यात कुणाच्या तरी बागेला भेट आणि दुसऱ्या महिन्यात जाणकाराचं व्याख्यान, असा क्रम आहे. पुढच्या वर्षाची आखणी माझ्याकडे आली आहे आणि अडचणी अशा आहेत:

भेटीत सगळे फोटो काढतात, "किती सुंदर!" म्हणतात आणि परततात. मागे चालणाऱ्यांना बागमालकाचं बोलणं ऐकूच येत नाही. व्याख्यानात पाहुणे माती, पाणी, ऊन यांवर सर्वसाधारण बोलतात आणि शेवटची पंधरा मिनिटं "माझ्या झाडाची पानं पिवळी पडतात, काय करू?" अशा प्रश्नांत जातात. झाड न बघता त्याचं नेमकं उत्तर कोण देणार? त्यात एका सभासदाने या वर्षी बाग दाखवायला नकार दिला आहे. आधीच्या भेटीत वाफे तुडवले गेले आणि नंतर दोन आठवड्यांत झाडांवर पिठ्या ढेकूण (मिलीबग, कापसासारखी पांढरी कीड) दिसला.

एका वेळी किती जण न्यावेत, किती वेळ थांबावं, पाहुण्यांना आधी काय कळवावं, बागमालकाची काळजी कशी घ्यावी, हे नेमकं सांगाल का?


गुटीकलम

जास्वंदताई, भेट आणि व्याख्यान यांचा एकमेकांशी संबंध नाही, खरी खोट तिथेच आहे. दोन्हींचा विषय एकच ठेवा. आधी व्याख्यान, मग त्याच विषयाचा परिणाम जिथे डोळ्यांनी दिसेल तिथे भेट. मधलं अंतर झाड ठरवतं, कॅलेंडर नाही.

गुलाबाचं बघा. छाटणीचं व्याख्यान छाटणीच्या आदल्या आठवड्यात ठेवायचं, कारण ऐकून दोन महिन्यांनी कात्री हातात घेतली तर काहीच आठवत नाही. छाटणीनंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांत फुलं येतात, म्हणून भेट त्या सुमारास. भेटीत फुलांच्या आधी छाटलेली टोकं बघायला लावा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या अंकुराच्या) वर साधारण अर्धा सेंटिमीटर घेतला असेल तर त्याच डोळ्यातून सरळ फुटवा निघालेला दिसतो. दोन-तीन सेंटिमीटर वर घेतला असेल तर मधला तुकडा वाळून काळा पडलेला असतो आणि कधी कधी तो काळेपणा डोळ्याच्या खालीही उतरलेला असतो. हा काळा खुंट एकदा बोट लावून बघितला की कापाची जागा पुन्हा कुणी चुकत नाही.

गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवणं, तर या पद्धतीसाठीच आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी एकाच झाडाच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार फांद्या घ्या. सगळ्याच बरोबर बांधण्यापेक्षा दोन बरोबर बांधा आणि दोन मुद्दाम चुकीच्या. बरोबर म्हणजे: अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीचं सालीचं कडं काढायचं, खालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून कोरडा करायचा, भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ मुठीएवढं लावायचं, वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं आवळायची. तिसऱ्या फांदीचा बुळबुळीत थर तसाच ठेवा. चौथीला शेवाळ न पिळता, पाणी गळतंय असंच बांधा. झाडाप्रमाणे ४ ते ८ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली की भेट ठेवा आणि चारही गुट्या सगळ्यांसमोर सोडा. तिसरीत बहुधा वरची आणि खालची साल पुन्हा जुळत आलेली असते. झाडाला अन्न खाली नेण्याची वाट परत मिळते, मग मुळं काढायची गरजच राहत नाही. चौथीत साल काळी पडून कुजका वास येतो. चार फांद्यांत एक व्याख्यान होतं.

भेटीची वेळही विषयावरून ठरवा. पोर्तुलाका, म्हणजे आपलं ऑफिसटाइम, बघायचं तर ऊन चांगलं वर आल्यावर जा. भल्या सकाळी सगळ्या कळ्या मिटलेल्या असतात. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. ब्रह्मकमळ म्हणून कुंडीत लावतात तो निवडुंग रात्री फुलतो आणि उजाडेपर्यंत मान टाकतो, त्यासाठी सकाळची भेट ठेवून उपयोग नाही. भर दुपारी तर कुठलीच भेट नको. काकडी-भोपळ्याच्या वेलांची मोठी पानं माती ओली असतानाही दुपारी मलूल होतात, आणि बघणारे "पाणी कमी पडतंय" असा चुकीचा धडा घेऊन जातात.


पानामागे

वेळापत्रकाचं गुटीकलम यांनी सांगितलं. मी बागमालकाच्या बाजूने लिहिते, कारण नकार देणाऱ्या त्या सभासदाचं म्हणणं अगदी रास्त आहे.

पिठ्या ढेकूण भेटीतूनच आला असं सिद्ध करता येणार नाही, पण येऊ शकतो हे नक्की. त्याची नुकती जन्मलेली पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात, कपड्यांवर, पिशवीवर, हातांवर बसून जातात. त्यामुळे पहिला नियम: भेटीच्या दिवशी सकाळी स्वतःच्या बागेत काम करून त्याच कपड्यांत यायचं नाही. स्वतःच्या घरचं रोपटं किंवा आजारी फांदी "दाखवायला" आणायची नाही. आणि पिवळे कपडे घालू नका. पांढरी माशी, मावा पिवळ्या रंगाकडे ओढले जातात. चिकट सापळे पिवळे असतात ते त्यामुळेच. पिवळा सदरा घालून किडीच्या झाडाजवळ पाच मिनिटं थांबलात की सापळा तुम्हीच झालात, फक्त तो चालता आहे.

दुसरी गोष्ट बूट. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि मर रोगाचे जिवाणू मातीतून जातात, आणि माती बुटाच्या तळातल्या खाचांतून. नुसतं जंतुनाशकाचं पायपुसणं ठेवून काही होत नाही, कारण चिखलाच्या थराखाली औषध पोचतच नाही. आधी ब्रशने माती पूर्ण काढायची, मग तळ पुसायचा. सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांनी घरूनच तळ धुतलेले बूट घालून यायचे. दाराशी एक ताठ ब्रश आणि पाण्याची बादली ठेवायची, आणि बादलीतलं पाणी वाफ्यात ओतायचं नाही.

तिसरी गोष्ट हात. टोमॅटो, मिरची असलेल्या बागेत पानांना हात लावायचा नाही. मोझॅक विषाणू रसातून, हातांवरून सहज पसरतो, आणि तंबाखू हाताळणाऱ्यांच्या बोटांवरूनही येऊ शकतो. स्पिरिटने हात पुसून त्याचा बंदोबस्त नीट होत नाही. साबण आणि पाण्याने नीट चोळून धुवायचे. ऑर्किड असतील तर स्वतःची कात्री खिशातच राहू द्या. बाकी झाडांना हत्यार लावायची परवानगी असेल तर पातं आधी माती-रस काढून स्वच्छ करायचं, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं, प्रत्येक झाडानंतर.

तुडवण्याचा इलाज: आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर भेट पुढे ढकला. ओली माती पायाखाली दबली की तिच्यातली हवेची पोकळी मिटते आणि नुसतं वरवर उकरून ती परत येत नाही. जाण्याची वाट आधीच सुतळीने आखून घ्या. ६० सेंटिमीटरच्या वाटेवर माणसं एकामागे एकच चालतात. समोरून कुणी आलं की पाय वाफ्यातच पडतो. म्हणून अशा बागेत वाट एकाच दिशेने फिरती ठेवा. चाकाच्या खुर्चीतले सभासद असतील तर किमान ९० सेंटिमीटरची सलग वाट आणि वळायला दीड मीटर जागा आहे का, हे मोजपट्टी घेऊन बघा. मालकाच्या अंदाजावर जाऊ नका.

बागमालकाला आठ दिवस आधी एक प्रश्न नक्की विचारा: शेवटची फवारणी कधी आणि कशाची? औषधाच्या डब्यावर बागेत परत कधी जायचं ते लिहिलेलं असतं. ती मुदत संपलेली नसेल तर तारीख बदला. मुलं बरोबर येणार असतील तर याबाबत अजिबात सूट नको. आणि फोटो काढायचे तर फोनमधली फोटोत ठिकाण नोंदवण्याची सोय बंद करायला सांगा. दुर्मीळ झाडांच्या कुंड्या घराबाहेर असतात. त्यांचा पत्ता फोटोबरोबर फिरायला नको.

फांद्यांची देवाणघेवाण भेटीत नकोच. "एक छोटीशी फांदी" असं ३० जणांनी म्हटलं की झाड बोडकं होतं, आणि तोंडावर नाही म्हणणं मालकाला अवघड जातं. मालकालाच द्यायच्या असतील तर त्यांनी आधी काढून, नाव लिहून ठेवाव्यात. घरी नेलेलं काहीही दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवायचं.


कुंडीतली_जास्वंद

दोघांचेही आभार, पिवळ्या कपड्यांचं डोक्यात आलंच नव्हतं. पुढच्या यादीतल्या तीन बागा गच्चीवरच्या आहेत. तिथे ४० जणांना कसं न्यायचं? आणि ऐकू येत नाही, त्याचं काय?


ओली_कुंडी

गच्चीवर ४० जणांना एका वेळी न्यायचंच नाही. ३० माणसं म्हणजे साधारण २ टन वजन, आणि ते सारखं पसरत नाही. कुणी एक फूल दाखवलं की सगळे त्याच कोपऱ्यात जमतात. त्याच कोपऱ्यात बहुधा मोठे पिंपही असतात. ओल्या मातीचा घनमीटर दीड टनाच्या वर भरतो. मालकाने बाग करताना रचना तपासून घेतली आहे का, हे आधी विचारा. तरीही एका वेळी ८ जण, बाल्कनी असेल तर ४. बाकीचे खाली थांबतील. त्यांना रिकामं ठेवू नका; खाली माती कालवण्याचं किंवा रोपं कुंडी बदलून लावण्याचं टेबल मांडा. भेटीच्या दिवशी कुंड्यांना पाणी आदल्या संध्याकाळीच घालायला सांगा, म्हणजे फरशी निसरडी राहत नाही.

जमिनीवरच्या बागेत उघड्यावर, आवाज न चढवता, १२ ते १५ जणांनाच नीट ऐकू येतं. ४० जणांचे तीन गट करा आणि २५ मिनिटांनी जागा बदला: एक गट मालकाबरोबर, एक आपल्या आपण निरीक्षणाला, एक मातीच्या किंवा खताच्या टेबलाजवळ. मालक तेच तीनदा बोलणार, म्हणून त्यांना एका फेरीला १० मिनिटंच बोलायला सांगा, उरलेली १५ प्रश्नांना. चालता चालता बोलणं पूर्ण बंद. थांबायचं, सगळे आले का बघायचं, मग बोलायचं. ऊन ऐकणाऱ्यांच्या पाठीवर येईल अशा जागी थांबवा. डोळ्यांवर ऊन असलं की माणूस पान बघत नाही, सावली शोधतो.


मातीची_बाटली

व्याख्यानाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

पाहुणे सर्वसाधारण बोलतात, कारण त्यांना आपण "बागकामावर बोला" एवढंच सांगितलेलं असतं. त्यांना आमंत्रणातच कळवा: किती जण ऐकणार, त्यातले कुंडीवाले किती, किती वर्षांचा अनुभव, कोणत्या झाडांवर अडलेत, बोलायला ४० मिनिटं, प्रश्नांना २०, खोली अंधारी होते की नाही. मानधन, प्रवासखर्च आणि स्वतःची उत्पादनं विकायची का, हे त्याच पत्रात मिटवा. आणि आठ दिवस आधी पाच प्रश्न, फोटोंसकट.

फोटो कसे हवेत तेही सभासदांना सांगावं लागतं. प्रत्येक प्रश्नाला तीन: पूर्ण झाड कुंडीसकट, आजारी पानाची वरची आणि खालची बाजू शेजारी-शेजारी, आणि खोड मातीतून जिथे वर येतं ती जागा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. सोबत चार ओळी: ऊन किती तास, पाणी किती दिवसांनी, कुंडी केवढी, शेवटचं खत कोणतं आणि कधी.

"पानं पिवळी" हा प्रश्न तर असा घेऊच नका. आधी विचारा, जुनी की नवी? अख्खं पान की शिरांमधली जागा? खालची जुनी पानं सरसकट फिकी होत असतील तर नत्र कमी असण्याची शक्यता. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. बऱ्याचदा मातीत लोह असतं पण सामू (pH) जास्त असल्याने झाडाला घेता येत नाही. तेच चित्र जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम. आणि सगळ्या झाडालाच अवकळा आली असेल तर आधी मुळं बघा. पाणी साचून कुजलेल्या मुळांवर खत टाकून काही होत नाही. ही चार वाक्यं प्रश्नाच्या चिठ्ठीवरच छापली तर निम्मे प्रश्न विचारण्याआधी सुटतील.

मोठा पडदा आणि सुंदर चित्रं यांपेक्षा टेबलावरची वस्तू जास्त शिकवते. काही प्रात्यक्षिकं सांगतो, ती फसतात कशी तेही.

मातीची बाटली: सरळ बाजूंच्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर, जोरात हलवून ठेवायची. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा (वाळूहून बारीक कण) बसायला दोनेक तास, चिकणमातीला २४ तास किंवा जास्तही. व्याख्यानात हलवलेली बाटली शेवटपर्यंत गढूळच राहते आणि पाहुणे ओशाळतात. म्हणून एक बाटली आदल्या दिवशी हलवून ठेवा, तसूभरही न हलवता आणा, आणि दुसरी सगळ्यांसमोर हलवा. तळाशी पावडर जाड झाली की थर चुकीचे वाटतात, म्हणून चमचा लहानच.

लाल कोळी: पांढऱ्या कागदावर पान झटकायचं, मग दहा सेकंद काहीही न करता बघत राहायचं. धूळ जागच्या जागी राहते, कोळ्याचे ठिपके चालू लागतात. कागद बोटाने पुसला की तांबूस रेघ उमटते. १० पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर ते डोळ्याजवळ धरून पान जवळ आणायला शिकवा. लोक भिंग पानाजवळ धरतात आणि "काही दिसत नाही" म्हणतात.

मुळांवरच्या गाठी: शेंगवर्गीय रोप आणि सूत्रकृमी लागलेलं रोप, दोन्हींची मुळं धुऊन पारदर्शक पिशव्यांत बंद. शेंगवर्गीयांच्या उपयोगी गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात, आणि काम करणारी गाठ चिरली तर आत गुलाबी असते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. सोडवायला गेलात तर मूळ तुटतं. दुसरी पिशवी उघडायची नाही, नंतर कंपोस्टमध्येही टाकायची नाही.

टेबलाभोवती १२ पेक्षा जास्त जणांना दिसत नाही, म्हणून फोन स्टँडवर उलटा धरून त्याचं चित्र पडद्यावर टाका. प्रोजेक्टरची केबल आणि पाहुण्यांच्या लॅपटॉपचं भोक जुळतंय का, हे अर्धा तास आधी बघा. चित्रांवरची अक्षरं २८ पॉइंटपेक्षा लहान नकोत.

शेवटचं, पण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं: प्रमाणं. "झाकणभर" आणि "थोडंसं" लिहून घेऊ देऊ नका, कारण प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. एकाने फक्त आकडे लिहायचे आणि पाहुण्यांना निघण्याआधी वाचून दाखवायचे. उदाहरणार्थ, "कडुनिंब तेल ५ मिली, द्रवरूप साबण १ ते २ मिली, कोमट पाणी १ लिटर, आधी तेल-साबण फेटायचं, मग पाणी, संध्याकाळी, त्याच दिवशी संपवायचं, आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस बघायचं." एवढं पूर्ण असेल तरच ते गटावर टाकायचं.


दुसऱ्यांदा_बहर

गुटीकलम यांच्या आखणीत एक भर, आणि थोडा मतभेदही. दर भेटीला नवी बाग शोधू नका. वर्षात सहा भेटी असतील तर तीन बागा, प्रत्येकी दोनदा, वेगवेगळ्या ऋतूंत. बाग बहरात असताना सगळंच चांगलं दिसतं. तीच बाग कडक उन्हाळ्याच्या शेवटी बघितली की कोणत्या झाडाला आच्छादन होतं, कुठल्या कुंडीच्या पश्चिम बाजूच्या मुळांना झळ लागली, कुठे पाणी साचतं, ते कळतं. मालकांना तसं आधीच सांगा की बाग सजवायची नाही, मेलेली झाडंही काढू नका. दोनदा जायचं म्हणजे गर्दीही तेवढीच दोनदा, हे खरं आहे. म्हणून पानामागे यांचे नियम आधी ठरवून, लेखी, मगच विचारायला जा.

निरीक्षणाचा कागद साधा ठेवा, अर्ध्या पानाचा: झाडाचं नाव, दिशा, थेट ऊन किती तास, कुंडीचा व्यास आणि खोली, मातीचं मिश्रण, पाणी, शेवटचं खत, आणि एक ओळ "माझ्याकडे वेगळं काय आहे". प्रत्येकाने एकाच झाडाचा कागद भरायचा, पण पूर्ण. ही शेवटची ओळ रिकामी राहिली तर त्या माणसाला भेटीतून काही मिळालेलं नाही असं समजा आणि पुढच्या वेळी त्याला त्याच्या अडलेल्या झाडापाशीच उभं करा. दुसऱ्या भेटीला तोच कागद परत हातात द्यायचा, त्याच झाडासमोर, दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायला.

आणि नकार दिलेल्या त्या सभासदाकडे लगेच बाग मागायला जाऊ नका. आधी त्यांचे तुडवलेले वाफे मोकळे करायला चार जण जा: माती वाफशावर (ना चिकट ओली, ना कोरडी) असताना काटेरी फावड्याने वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल हलवायची, उलटायची नाही, वर दोन इंच कंपोस्ट. जाताना तळ धुतलेले बूट घालून जा.